फुकट दिलंय, मग सोपं का दिलं नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करता. जुन्या स्मरणिका आणि वार्षिक अहवाल स्कॅन करून ठेवलेत. त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्टवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालणारं एक छोटं टूल तुम्हाला गिटहब या प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या साइटवर सापडलं. डाउनलोडचं बटण दिसेना. एक झिप मिळाली, ती उघडली तर आत चालवण्याजोगं काहीच नव्हतं. विंडोजसाठी साधी ईएक्सई फाईल, म्हणजे डबल-क्लिक केलं की चालणारी, का देत नाही, असं तुम्ही विचारलंत, तर 'रीडमी (प्रकल्पासोबतची माहितीची फाईल) वाचा' एवढंच लिहून तुमचा इश्यू, म्हणजे तिथे नोंदवलेली तक्रार, बंद झाला. आता तुमचं म्हणणं असं, की जगाला फुकट द्यायचंच आहे तर सामान्य माणसाला वापरता येईल असं का देत नाहीत? की ही मंडळी मुद्दाम लोकांना लांब ठेवतात? आणि या सगळ्यात पैशाचं काय, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं अशा प्रकल्पांसाठी इन्स्टॉलर आणि पॅकेजं बनवतो. दोन्ही बाजूंचा राग रोज वाचतो. माझं मत असं आहे की प्रोग्रॅम लिहिणं आणि तो लोकांच्या हातात चालता स्वरूपात पोचवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला वेळ, पैसा आणि चिकाटी पहिल्याइतकीच लागते, आणि बहुतेक प्रकल्पांत ते करायला माणूसच नसतो. तुमची मागणी रास्त आहे, फक्त ती पुरवू शकेल असा कोणी त्या पत्त्यावर राहत नाही.

आधी त्या झिपचा उलगडा करतो, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. गिटहबवर कोणीही रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढला की त्याखाली 'सोर्स कोड' नावाच्या दोन फायली आपोआप लागतात, एक झिप आणि एक टार (झिपसारखाच फायलींचा गठ्ठा). लेखकाने त्या ठेवलेल्या नसतात आणि त्याला त्या काढताही येत नाहीत. नवख्या माणसाला त्या पानावर डाउनलोड करण्याजोगं तेवढंच दिसतं, म्हणून तो तेच उतरवतो आणि तासभर आत ईएक्सई शोधत बसतो. तुमची दुपार वाया गेली ती त्या पानाच्या रचनेमुळे. गिटहब ही मुळात कोड लिहिणाऱ्यांची कामाची जागा आहे. गूगल मात्र शोधणाऱ्या प्रत्येकाला थेट तिथे आणून सोडतं.

आता ईएक्सई का नसते ते बघू. समजा, तुम्हाला सापडलेलं टूल पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलंय आणि लिहिणारा स्वतः विंडोजऐवजी लिनक्स वापरतो. त्याच्या मशीनवर टेसरॅक्ट, चित्रं वाचणारी लेप्टोनिका ही लायब्ररी (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायचा तयार कोड) आणि भाषांचा डेटा आधीपासून आहे, त्यामुळे त्याचं काम दोन ओळींत होतं. विंडोजसाठी हे सगळं एकत्र बांधावं लागतं. बांधलं की पहिली तक्रार येते, 'तुमच्या फाईलमध्ये व्हायरस आहे'. पायथनचे प्रोग्रॅम ईएक्सईमध्ये बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरच्या फायलींवर अँटीव्हायरस वरचेवर खोटा संशय घेतात. त्यातून सुटलात तर विंडोजचा स्मार्टस्क्रीन निळी खिडकी दाखवून सांगतो की हा प्रोग्रॅम अनोळखी आहे. तो थांबवायचा तर कोड सायनिंगचं, म्हणजे फाईल कोणाची ते सहीने सिद्ध करणारं, प्रमाणपत्र विकत घ्यायचं, मुदत संपली की पुन्हा घ्यायचं. १ जून २०२३ पासून त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, साध्या फाईलमध्ये चालत नाही. शिवाय एवढं करून इशारा पहिल्या दिवसापासून बंद होईलच असं नाही. मॅकसाठी ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यायचे आणि प्रत्येक आवृत्ती त्यांच्याकडून तपासून घ्यायची. गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, पण तिथले नियम दर वर्षी बदलतात, आणि त्यासाठी चालू ॲपमध्येही पुन्हा हात घालावा लागतो.

पहिली ईएक्सई एखाद्या शनिवार-रविवारी होऊन जाते. ओझं पुढे वाढतं. आत बांधलेल्या एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली की सगळं पुन्हा बांधून पुन्हा द्यायचं, नाहीतर लोकांच्या मशीनवर जुनं भोक तसंच राहतं. आणि ईएक्सई दिली की प्रश्नांची जात बदलते. आधी प्रोग्रॅमबद्दल विचारणा यायच्या. आता प्रिंटर चालत नाही, फोल्डरचं नाव मराठीत असलं की फाईल उघडत नाही, ऑफिसच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड मागतो, असं सगळं त्याच एका माणसाकडे येतं. तो दिवसा दुसरीकडे नोकरी करतो. ज्यांचं काम सुरळीत चालतं ते कधी लिहीत नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त अडलेली आणि वैतागलेली माणसं येतात. हे महिनोन्महिने चाललं की चांगला माणूसही 'रीडमी वाचा' एवढंच लिहू लागतो.

सिंकथिंगचं उदाहरण घ्या. दोन उपकरणांमधल्या फायली मधल्या कुठल्या कंपनीशिवाय जुळवून ठेवणारा हा प्रोग्रॅम जगभर वापरला जातो. त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मधल्या आवृत्तीनंतर बंद झालं. सांभाळणाऱ्याने कारणं साधी दिली: गूगल प्लेवर प्रकाशित करणं फार किचकट झालं होतं आणि सांभाळायला पुरेसं बळ नव्हतं. मूळ सिंकथिंग धडधाकट होता आणि आहे. कोलमडलं ते त्याचं सोपं रूप, कारण त्याच्या मागे माणूस उरला नाही. पुढे दुसऱ्या एका स्वयंसेवकाची वेगळी आवृत्ती होती म्हणून वापरणाऱ्यांचं निभावलं.

तुमच्या कामाचा पाया असलेल्या टेसरॅक्टची गोष्ट तर वाचनालयवाल्यांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. एचपी कंपनीने १९८५ ते १९९४ या काळात तो विकसित केला, मग तो बराच काळ पडून होता. २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला, आणि २००६ पासून २०१८ पर्यंत गूगलने त्यावर काम केलं. त्यानंतर तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातात आहे. एवढं मोठं घराणं असूनही त्याच्या रीडमीत स्पष्ट लिहिलंय की यात बटणं आणि खिडक्या असलेला प्रोग्रॅम नाही, तो हवा असेल तर इतरांनी केलेले बघा. मग विंडोजवर जगभरचे लोक जो इन्स्टॉलर वापरतात तो आला कुठून? जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. त्यांना जुनी जर्मन वृत्तपत्रं वाचनीय मजकुरात आणायची होती. त्यासाठी त्यांनी टेसरॅक्ट हाताळला, सुधारला आणि विंडोजचे इन्स्टॉलर बांधून सगळ्यांसाठी ठेवले. म्हणजे हे सोपं रूप तुमच्यासारख्याच एका वाचनालयाने केलंय. त्यांच्याकडे पगारी तंत्रज्ञ होते, तुमच्याकडे नाहीत, हा फरक मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. पण असं काम सहसा कोण अंगावर घेतं ते यातून कळतं: ज्याला गरज आहे आणि ज्याच्याकडे थोडी साधनं आहेत, तो.

'एवढंसं करायला काय जातं' असा दबाव सतत आला तर काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड ही फायली आवळून लहान करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. फिनलंडचा लासे कॉलिन ती वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यामागे तगादा सुरू झाला: बदल लवकर का घेत नाहीस, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव. आपलं मानसिक स्वास्थ्य बरं नाही आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे, असं त्याने उत्तरात लिहिलं. त्याच सुमारास मदतीला आलेल्या 'जिया तान' नावाच्या खात्याकडे हळूहळू अधिकार गेले. २०२४ च्या सुरुवातीला त्या खात्याने सर्व्हरमध्ये गुपचूप शिरता येईल असा चोरकोड आत घातला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदाने संथ झाल्याचं जाणवलं, तो खोलात गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने प्रकरण उघड केलं. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत, असं प्रकरण तपासणाऱ्या बहुतेकांचं मत झालं. म्हणजे थकलेल्या मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) वापरणाऱ्यांचा दबाव कसा चालतो हे हल्ला करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: चोरकोड जागा करणारा तुकडा फक्त तयार करून ठेवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे टारच्या गठ्ठ्यात, होता, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता. तयार फाईल देणारा आणि घेणारा यांच्यात विश्वास किती लागतो, ते यावरून लक्षात यावं.

अधिकृत ईएक्सई नसली की ती पोकळी भलतेच लोक भरतात, हेही खरं. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या तेव्हाच्या मोठ्या डाउनलोड साइटने गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅमचा विंडोज इन्स्टॉलर जाहिरातींच्या प्रोग्रॅमसह वाटायला सुरुवात केली होती. तो इन्स्टॉलर बनवणारे त्याआधीच ती साइट सोडून गेले होते. आजही एखाद्या प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे 'फ्री डाउनलोड' असं शोधलं की मोठमोठी हिरवी बटणं असलेली पानं येतात. वाचनालयातल्या संगणकावर सभासदांची माहिती असते. तिथे असली ईएक्सई चालवू नका, कितीही घाई असली तरी.

आता दुसरी बाजू. लिहिणाऱ्यांचंही चुकतं, आणि ते मी गुळमुळीत शब्दांत सांगणार नाही. आमच्या जगात बराच काळ अशी समजूत होती की अडचण पार करून आला तोच खरा वापरकर्ता. डेबियन या लिनक्सच्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकाराचं उदाहरण माझ्या मते सगळ्यांत बोलकं आहे. लॅपटॉपचं वायफाय चालायला उत्पादकाचं बंद स्वरूपातलं फर्मवेअर (यंत्राच्या भागात चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं, आणि डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते तत्त्व म्हणून नसायचं. नवा माणूस हौसेने डेबियन टाकायला बसायचा आणि नेटवर्कपाशी अडायचा, कारण फर्मवेअर उतरवायला नेट हवं आणि नेटला फर्मवेअर हवं. फर्मवेअरसकट इन्स्टॉलर बनत होता. पण 'अनधिकृत' असा शिक्का मारून तो अशा पानावर ठेवलेला असायचा की जाणत्यालाच सापडावा. एप्रिल २०२२ मध्ये स्टीव्ह मॅकिन्टायर याने, जो हे इन्स्टॉलर स्वतः बांधायचा, ही अवस्था बरोबर नाही असं जाहीरपणे मांडलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मतदानाचा निकाल लागला, प्रकल्पाच्या सामाजिक करारात, म्हणजे तत्त्वांच्या जाहीरनाम्यात, दुरुस्ती झाली, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून एकच इन्स्टॉलर फर्मवेअरसकट मिळू लागला. तत्त्व सोडलं असं मी म्हणणार नाही, कारण ते फर्मवेअर वेगळ्या विभागात ठेवलंय आणि नको असेल तर बंद करता येतं. पण एवढ्यासाठी किती नवी माणसं मधल्या वर्षांत परत गेली असतील, याची हळहळ मला आजही वाटते.

छोट्या प्रकल्पांकडून मी ईएक्सईची अपेक्षा ठेवत नाही. एक वाक्य मात्र मागतो. रीडमीच्या अगदी वर लिहा की हे कोणासाठी आहे: 'हा प्रोग्रॅम कमांड लाईनवर (आज्ञा टाइप करून) चालतो, विंडोजसाठी तयार फाईल आम्ही देत नाही, तशी हवी असेल तर अमुक वापरा.' हे लिहायला पाच मिनिटं लागतात आणि शेकडो लोकांच्या दुपारी वाचतात. ते न लिहिता आलेल्या माणसाला 'वाचा' म्हणून परत पाठवणं उद्धटपणाचं आहे. ज्या रीडमीची पहिलीच सूचना 'पिप इन्स्टॉल' (पायथनचे प्रोग्रॅम बसवायची आज्ञा) अशी असते ती पायथन माहीत असलेल्यांसाठी लिहिलेली असते. वाचनालयातल्या माणसाला ती वाचूनही काही कळणार नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पैशाचं काय, असंही तुम्ही विचारलंय. काही प्रकल्पांनी यातून सरळ वाट काढली आहे. आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमचा कोड खुला आहे, पण त्यांनी बांधलेला तयार इन्स्टॉलर हवा असेल तर पैसे पडतात. क्रिटा हा चित्रकलेचा प्रोग्रॅम स्वतःच्या साइटवर फुकट, स्टीम आणि विंडोज स्टोअरवर विकत. लिब्रेऑफिसनेही सप्टेंबर २०२२ पासून ॲपलच्या स्टोअरमधल्या आवृत्तीला ८.९९ युरो किंमत लावली. साइटवरून घेतलं तर आजही फुकट. यात कुठेही परवाना मोडत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण सोपेपणासाठी कष्ट करणाऱ्याला त्यात थोडं तरी मिळतं आणि कोड सगळ्यांचाच राहतो. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला परदेशी पैसे पाठवायला हिशेबाची अडचण येते हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्याकरता वेगळे मार्ग सांगतो.

आजच्या आज काम हवं असेल तर ते टूल सोडा आणि जीइमेजरीडर घ्या. टेसरॅक्टवरच चालणारा, खिडक्या-बटणं असलेला हा प्रोग्रॅम आहे, आणि त्याचा विंडोज इन्स्टॉलर त्याच्या गिटहबच्या रिलीज पानावर मिळतो. तिथे 'सोर्स कोड'च्या नादी लागू नका, वरची ईएक्सई घ्या. आत भाषा व्यवस्थापनात जाऊन मराठी उतरवून घ्या. थेट टेसरॅक्ट हवा असेल तर मानहाइमचा इन्स्टॉलर, पण चालवताना अतिरिक्त भाषांची यादी उघडून मराठीवर खूण करायला विसरू नका, ती आपोआप लागत नाही. ती राहिली की 'फेल्ड लोडिंग लँग्वेज' असा संदेश येतो आणि माणूस प्रोग्रॅमच बिघडला असं समजतो. स्कॅन ३०० डीपीआयचे ठेवा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत निकाल कच्चा येतो. जोडाक्षरं, 'ऱ्या'सारखी अक्षरं आणि अनुस्वार हाताने तपासावेच लागतील.

ज्यांचा प्रताधिकार संपलाय, म्हणजे भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटलीत, अशी पुस्तकं तुमच्याकडे असतील तर काहीही इन्स्टॉल न करता मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं ठेवणाऱ्या विकिपीडियाच्या भावंड साइटवर, काम करता येईल. तिथे पान उघडून एका बटणावर मजकूर ओळखून घेता येतो आणि मग दुरुस्त करता येतो.

आणि ते टूलच हवं असेल, तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागाला विचारा. सार्वजनिक प्रकल्पांना गिटहब विंडोजची मशीनं बांधणीसाठी फुकट वापरू देतं. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला, प्रत्येक रिलीजला ईएक्सई आपोआप बांधली जाईल अशी सोय करून देणं एका सत्राच्या प्रोजेक्टमध्ये सहज जमेल. त्याने कामाला लागण्याआधी मेंटेनरला विचारावं, 'हे करून दिलं तर घ्याल का, आणि पुढचं वर्षभर मोडलं तर मी दुरुस्त करीन.' मेंटेनरला यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. तो नको म्हणाला तर वेगळ्या नावाने ठेवा आणि अनधिकृत असल्याचं ठळक लिहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस (पडद्याचं चित्रण आणि थेट प्रक्षेपण करणारा प्रोग्रॅम) आणि फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) यांच्यात याच कारणावरून भडका उडाला होता. फेडोराने बांधलेलं ओबीएसचं फ्लॅटपॅक (लिनक्ससाठीचं तयार पॅकेज) नीट चालत नव्हतं, लोक ते अधिकृत समजून तक्रारी मूळ लेखकांकडे नेत होते, आणि प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत गेलं.

तुमचा बंद झालेला इश्यू मी वाचला. त्यात 'ईएक्सई द्या' एवढंच आहे. पुन्हा लिहिणार असाल तर हे घाला: विंडोजची आवृत्ती, तुम्ही रीडमीतली कुठली पायरी केलीत आणि पुढे पडद्यावर नेमकं काय आलं, एका पानाचा नमुना स्कॅन, आणि तुम्ही काय करायला तयार आहात. दर आवृत्ती मराठी पानांवर चालवून बघेन आणि कळवेन, असं म्हणणारा माणूस त्या लेखकाला सहसा भेटत नाही. रीडमीचा मराठी अनुवाद, किंवा 'विंडोजवर कसं लावावं' ही चित्रांसह एका पानाची टिपण, हेही तुमच्या आवाक्यातलं आहे, आणि कोड न लिहिता प्रकल्पात घेतलं जाणारं काम आहे. मसुदा आधी मला दाखवायचा असेल तर पाठवा, इंग्रजी मी नीट करून देईन.